जीव माझा, जोखीम कुणाची?



२०२१ सालच्या मार्च महिन्याची अखेर होती. हरभरा निघून खळी झाली होती आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आमच्या भागात जोर धरला होता. खरिपाच्या तयारीच्या कामासाठी एका गावी गेलो असता पारावर आठदहा मंडळी दाटीवाटीने बसलेली दिसली. तोंडाला रुमाल एकाच्याही नव्हता. मी म्हणालो, "मंडळी, जरा अंतर राखून बसा." त्यावर तिशीतला एक होतकरू शेतकरी हसून म्हणाला, "साहेब, जीव माझा, मर्जी माझी. मेलो तर मी मरंन. तुमचं काय जातंय?"

पारावर हशा पिकला. मीही हसलो. खरे सांगायचे तर त्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या वेळी सुचलेच नाही. दर मृगात हजारो रुपयांचे बियाणे आभाळाच्या भरवशावर मातीत टाकणाऱ्या माणसाला जोखीम म्हणजे काय हे मी शिकवावे, हे मलाच पटेना.

पुढे महिन्याभरात जे घडले त्यातून मला त्याचे उत्तर सापडले. ते महाग पडले, आणि त्याची किंमत मी नव्हे, दुसऱ्यानेच मोजली. म्हणून ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

कोणी म्हणेल, आता हा विषय कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; झाले गेले गंगेला मिळाले. पण तहान लागल्यावर विहीर खोदून भागत नाही, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? साथ माणसांची असो, जनावरांची असो की पिकांची असो, ती पुन्हा येणारच. ती आल्यावर डोके ठिकाणावर राहत नाही. म्हणून हिशेब कसा करायचा हे आजच, शांतपणे शिकून ठेवलेले बरे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत, आणि तिन्ही तुमच्या शेतातलेच आहेत.

पहिला प्रश्न : किती शक्यता?

घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरायचे असेल तर आपण उगवणशक्ती तपासतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे घ्यायचे. न निवडता, सरसकट शंभर दाणे मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि सहासात दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे पेरणीस योग्य. एकरी तीस किलोचे प्रमाण ठेवावे. त्याहून कमी आले तर बियाणे वाढवावे, आणि फारच कमी आले तर ते बाजारात विकून टाकावे.

आता यातली मेख पाहा. या तपासणीने तुम्हाला कोणता दाणा उगवेल हे समजत नाही. शंभरातले किती उगवतील एवढेच समजते. तरीही त्यावर भरवसा ठेवून तुम्ही दहा एकरांची पेरणी ठरवता, आणि ते योग्यच आहे.

साथीच्या काळात मात्र आपण हा शहाणपणा विसरलो. "आमचा मामा रोज गावभर फिरला, त्याला काही झालं नाही," असे एकाने म्हणावे, "शेजारच्या गावी लस घेतलेला माणूस गेला, मग लस काय कामाची?" असे दुसऱ्याने म्हणावे. मामा म्हणजे एक दाणा. शेजारचा माणूस म्हणजे दुसरा दाणा. एका दाण्यावरून पोत्याची परीक्षा कोणी करतो काय?

पोते पाहिले तर चित्र वेगळे आणि पुष्कळ स्पष्ट होते. कोरोनाने गंभीर आजारी पडण्याची शक्यता वयाबरोबर चढत जात होती. मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना धोका जास्त होता. लस घेतल्यावरही लागण होऊ शकत होती, पण गंभीर आजार आणि मृत्यू यांची शक्यता तिने फार कमी केली. लसीनंतर अनेकांना एकदोन दिवस ताप व अंगदुखी झाली. गंभीर दुष्परिणाम झालेच नाहीत असे नाही, परंतु ते अत्यंत विरळा होते. दोन्ही पारड्यांत काय पडते ते पाहावे, मग तागडीचा काटा आपोआप बोलतो.

जागेचा फरकही तसाच. उघड्या रानात, वाऱ्यावर, चार हातांवरून बोलण्यात धोका कमी. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत तासभर समोरासमोर बसण्यात धोका कितीतरी अधिक. म्हणजे प्रश्न "बाहेर पडू की नको" एवढाच नव्हता. "कोठे, किती वेळ, कोणाबरोबर" हा होता. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागू झाली, तरी शेतीच्या कामांना मुभा ठेवली होती. शेत पडीक ठेवण्याचीही जोखीम असतेच. त्याच उन्हाळ्यात कित्येक शेतकरी गटांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या दारापर्यंत भाजीपाला आणि फळे पोहोचवली. त्यांनी धोका झुगारला नाही, आणि भिऊन घरीही बसले नाहीत. फाटकाशी पेट्या उतरवल्या, तोंड झाकले, हात धुतले आणि माल विकला. हिशेब म्हणतात तो याला.

दुसरा प्रश्न : गेले तर काय जाईल?

पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. तरी कोणी धूळपेरणी करतो, कोणी पहिल्या सरीवर चाडे धरतो. पाऊस लांबला तर दुबार पेरणी येते. कर्ज वाढते, जीव मेटाकुटीला येतो, पण बियाणे पुन्हा विकत मिळते. एक हंगाम बुडाला तरी माणूस दुसऱ्या हंगामाची वाट पाहतो.

आता उघडी विहीर घ्या. लहान मूल तिच्यात पडण्याची शक्यता कोणत्याही एका दिवशी किती? अगदी थोडी. तरीही शहाणा माणूस पदरचे पैसे घालून कठडा बांधतो. का? कारण तेथे दुबार पेरणी नाही.

म्हणून शक्यतेच्या शेजारी नुकसानीचा आकडा मांडावा लागतो. शक्यता मोठी पण नुकसान भरून येण्याजोगे असेल, तर जोखीम घेण्यास हरकत नाही. शेती याच धाडसावर चालते. शक्यता थोडी पण नुकसान कायमचे असेल, तर कठडा बांधावा. तोंडाला रुमाल, लस, आजाऱ्याने वेगळ्या खोलीत राहणे, हे त्या विहिरीचे कठडे होते. कठडा बांधला म्हणून कोणी भित्रा ठरत नाही.

तिसरा प्रश्न : नुकसान कोणाच्या डोक्यावर?

पारावरच्या त्या पोराने पहिले दोन प्रश्न बहुधा मनात सोडवले असतील. वय तीस, अंग धडधाकट. त्याचा हिशेब त्याच्यापुरता फारसा चुकीचाही नव्हता. चूक होती ती "त्याच्यापुरता" या शब्दात.

कापूस पिकवणाऱ्यांना ही गोष्ट लगेच समजेल. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचे होते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी व्हावा आणि अळीची ताकद वाढू नये, असा त्यातला विचार होता. पण किती जणांनी ते पाकीट लावले? "मुद्दाम अळ्या पोसायला मी जागा का देऊ?" असे म्हणून बहुतेकांनी ते बांधावर फेकले. त्या पाकिटातले बियाणे पुष्कळदा वेगळ्या मुदतीचे निघे, ही तक्रारही खोटी नव्हती. शिवाय चार पैसे जास्त मिळावेत म्हणून फरदड ठेवली, तिच्यावर अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले.

एकेकट्याचा हिशेब बरोबर दिसत होता. एकाने पाकीट फेकले म्हणून काही बिघडत नव्हते. परंतु सगळ्यांनी तोच हिशेब केला, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरून काढला. ज्याने नियम पाळला त्याचाही गेला. पतंग सातबारा पाहून उडत नाही. बांध त्याला दिसत नाही.

कोरोनाचेही तसेच होते. आणखी एक साम्य आहे. गुलाबी अळी बोंडात शिरली की बाहेरून बोंड हिरवेगार दिसते. डोमकळी ओळखता आली नाही तर आत काय चालले आहे ते समजतच नाही. कोरोनाची बाधा झालेला माणूसही लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण देऊ शकत होता, आणि कित्येकांना तर लक्षणे दिसलीच नाहीत. "मला काही होत नाही, म्हणजे माझ्यापासून कोणाला काही होणार नाही," हे वाक्य म्हणूनच फसवे होते.

माझी चूक

आता ठरवल्याप्रमाणे माझे सांगतो.

१ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. मी पहिल्याच आठवड्यात एक मात्रा घेतली आणि मनातून निर्धास्त झालो. महिन्याच्या उत्तरार्धात सोयाबीनच्या उगवणशक्तीची प्रात्यक्षिके गावोगावी चालू होती. एके दिवशी सकाळी घसा खवखवू लागला. बायको म्हणाली, "आज जाऊ नका." मी म्हणालो, "उन्हाचा घसा धरलाय. एक डोस झालाय माझा, मला काय होणार?"

वाचकहो, हे वाक्य नीट पाहा. "मला काय होणार?" पारावरच्या पोराने जे तोंडाने म्हटले, तेच मी जरा सभ्य शब्दांत म्हटले आणि मोटारसायकलला किक मारली.

ज्या शेतकऱ्याच्या घरी प्रात्यक्षिक होते, त्याची सत्तरीची आई बियाणे निवडण्यात मोठी तरबेज. गावात तिला सगळे माय म्हणत. बाहेर झळा लागत होत्या म्हणून दार लोटून आम्ही आतल्या खोलीत बसलो. गोणपाटावर दाणे मांडता मांडता बोलणे नीट ऐकू यावे म्हणून मी तोंडावरची मुसकी हनुवटीखाली ओढली. माय समोरच बसून माझ्याबरोबर दाणे मोजत होती. चहा झाला. तासभर सहज गेला असेल.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. तपासणी केली तर कोरोना निघाला. त्याच घटकेला त्या घरी फोन करायला हवा होता. मी केला नाही. साहेबच आजार घेऊन घरी आले, असे गावभर होईल, ही लाज वाटली. "बघू, त्यांना काही झाले तर कळेलच," असे स्वतःला समजावीत मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा शेतकरी म्हणाला, "मायला कालपासून कसकस आहे. आम्ही म्हणलो, ऊन बाधलं."

पुढचे थोडक्यात सांगतो. मायचा प्राणवायू उतरला. सरकारी दवाखान्यात त्या आठवड्यात खाट मिळेना; शेवटी एका खासगी दवाखान्यात जागा झाली. बारा दिवस ती प्राणवायूवर होती. देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या हाताला यश आल्याने ती घरी आली. पण दवाखान्याच्या बिलापायी दावणीची बैलजोडी विकावी लागली, आणि त्या मृगात पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. माय आजही आहे. मात्र चार पावले चालली की तिला दम लागतो, आणि बियाणे निवडायला ती पुन्हा बसली नाही.

तो आजार माझ्यामुळेच त्या घरात शिरला की आणखी कोठून, हे मला कधीच कळणार नाही. साथीच्या जोखमीचे हेच खरे रूप आहे. दुसऱ्याच्या शेतात ढोर शिरले तर मालक ओळखता येतो, भरपाई मागता येते. येथे नुकसान होते, पण पावती कोणाच्याच नावावर फाटत नाही. म्हणूनच हिशेब आधी, आपला आपण करावा लागतो.

त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्या वर्षी बीजप्रक्रियेच्या कामासाठी येतो म्हणून फोन केला, तेव्हा एवढेच म्हणाला, "या की साहेब. पण आधी सांगा, घसा कसा आहे?" तो हसत होता. मला मात्र हसू आले नाही.

जोखीम घ्यावी, पण स्वतःच्या खांद्यावर

जोखीम घेणे वाईट नव्हे. साथीच्या इतिहासात मोठी माणसे मोठी ठरली ती जोखीम घेऊनच. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला. डॉ. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी प्लेग पुण्यात थैमान घालीत असता सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसर भागात रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातूनच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

"जीव माझा, मर्जी माझी" हे म्हणण्याचा अधिकार खरा पाहिला तर अशांचा. त्यांनी दुसऱ्याची जोखीम आपल्या पाठीवर घेतली. आम्ही आपली जोखीम दुसऱ्याच्या घरात ठेवून आलो आणि तिला मर्जी म्हणालो.

पुढच्या खेपेसाठी

उपदेश पुरे. कामाचे तेवढे सांगतो.

घरातली सगळी माणसे एकत्र बसवून आपल्या घरात "तळातले दाणे" कोण ते ठरवा : म्हातारी माणसे, मधुमेहाचे व हृदयविकाराचे रोगी, गरोदर सून, दम्याचे मूल. कोणताही निर्णय घरातल्या धट्ट्याकट्ट्याकडे पाहून घेऊ नका, या माणसांकडे पाहून घ्या. साथ आली तर त्यांच्यासाठी हवेशीर खोली कोणती, हेही तेव्हाच ठरवा.

तापमापक घरी असू द्या. श्वासाचा आजार असेल तर बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र उपयोगी पडते. विसावा घेऊनही आकडा ९४ च्या खाली राहिला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. लसीविषयी शंका असेल तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारा. फवारणीचे औषध आपण पानटपरीवर विचारून आणत नाही. मग जिवाचे औषध मोबाइलवरच्या निनावी निरोपावरून का ठरवावे?

गोठ्यालाही हाच नियम. २०२२ साली लम्पी त्वचारोग आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. नवे जनावर आणले तर काही आठवडे वेगळे बांधा. गाठी दिसताच पशुवैद्यकाला कळवा आणि शेजाऱ्याला सांगा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, लवकर सांगा. लागण झाली तर भेटलेल्या माणसांना त्याच दिवशी फोन करा. माझे दोन दिवस लाजेत गेले. मायसाठी ते दोन दिवस मोलाचे होते.

पण सांगणे सोपे व्हावे ही जबाबदारी गावाची आहे. ज्या गावात ताप आलेल्या घरावर बहिष्कार पडतो, तेथे ताप लपवला जातो आणि साथ वाढते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने २०२१ साली पथके नेमून घरोघर तपासणी झाली, बाधितांना वेगळे ठेवले आणि गावाने साथ आटोक्यात आणली. तुमच्या गावीही एवढे ठरवा, की कोणी आजारी पडला तर त्याच्या म्हशीची धार कोण काढील, त्याच्या पिकाला पाणी कोण देईल. ज्याला घरी बसणे परवडते तोच घरी बसतो. हातावर पोट असणाऱ्याला नुसते "घरी राहा" म्हणणे हा उपाय नव्हे. त्याच्या घरी पायलीभर ज्वारी पोहोचली तर तो राहील.

पारावरचा तो तरुण अलीकडे भेटला होता. आता त्याला दोन मुले आहेत आणि त्याने विहिरीला कठडा बांधून घेतला आहे. चार वर्षे उशिरा का होईना, मी त्याला त्याचे उत्तर दिले : "बाबा रे, जीव तुझा आणि मर्जीही तुझी. पण बाहेर पडण्याआधी एवढेच विचार, की माझा हिशेब चुकला तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? तुझ्याच जाणार असतील तर खुशाल जा. दुसऱ्याच्या जाणार असतील तर आधी त्याला विचारून ये."

तो जरा थांबून म्हणाला, "म्हणजे साहेब, बांधापलीकडचं बी बघायचं."

होय, एवढेच. बांधापलीकडचेही पाहायचे.